बारा गोष्टी आणि ग्रहणाचं जेवण

ते पुस्तक मी हट्टाने घरी आणलं होतं, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर फोडायची सोय नाही.

नाशिक रोडला बाजाराच्या मागच्या गल्लीत एका गृहस्थांनी घराच्या पुढच्या खोलीत वाचनालय थाटलं होतं. मी तेव्हा अकरावी सायन्सला होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतून बसने कॉलेजला यायचे आणि परतीची बस यायला रोज पाऊण तास तरी असायचा. तो मी त्या खोलीत काढायचे. गृहस्थ तपकीर ओढत बसलेले असायचे आणि मुलींनी कौटुंबिक कादंबऱ्याच न्याव्यात असं त्यांचं ठाम मत होतं. वरच्या फळीवरचं एक खाकी पुठ्ठ्याचं पुस्तक मी काढलं, तेव्हा त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन परत वर ठेवलं. "हे तुझ्यासाठी नाही. झोप लागणार नाही," म्हणाले. 'तुझ्यासाठी नाही' असं कोणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची, अजूनही जाते. मी स्टुलावर चढून ते पुन्हा काढलं आणि त्यांच्या रजिस्टरशेजारी आपटलं.

पुस्तकाची पहिली काही पानं गेलेली होती. नाव नाही, लेखक नाही, भाषांतर कोणी केलं तेही नाही. बाइंडरने पुठ्ठा चढवून त्यावर नुसता नंबर टाकला होता. उरली होती ती प्रस्तावनेची शेवटची दीड पानं आणि बारा गोष्टी. गोष्टी वेगवेगळ्या परदेशी लेखकांच्या असल्या तरी मुद्दाम एकाच विषयावरच्या निवडल्या आहेत, असं प्रस्तावनेत म्हटलं होतं. विषय होता आभाळ. प्रत्येक गोष्टीत कोणीतरी एक माणूस वर बघतो आणि या पसाऱ्यात आपली किंमत काय, ते त्याला कळून चुकतं. भुतं नाहीत, चेटूक नाही, कोणाचा सूडही नाही. मी बसमध्ये ते वाचलं आणि मनात म्हटलं, मग यात घाबरण्यासारखं आहे तरी काय?

भाषांतर करणारा कोण होता कोण जाणे, पण त्याने एक गंमत करून ठेवली होती. पात्रांना त्याने अस्सल मराठी आडनावं दिली होती आणि बाकी सगळं तसंच ठेवलं होतं. त्यामुळे रावसाहेब लोकरीचे हातमोजे घालून शेकोटीपुढे ब्रँडी पीत बसायचे, आणि वहिनी घोड्यावरून रपेट मारून आल्यावर बेशुद्ध पडायच्या. पहिल्या दोन पानांना मी फिदीफिदी हसले. तिसऱ्या पानानंतर हसणं कधी थांबलं ते माझं मलाही कळलं नाही.

पहिली गोष्ट डोंगरावरच्या वेधशाळेतल्या एका म्हाताऱ्याची होती. ताऱ्यांच्या मधली एक काळी, रिकामी जागा तो वर्षानुवर्षं दुर्बिणीतून बघत असतो. तिथे काहीच नाही अशी रोज नोंद करतो. एक दिवस त्याच्या लक्षात येतं, की ती जागा रिकामी नाही, ती पाठमोरी आहे. गोष्ट तिथेच संपते. मी पान उलटून बघितलं, पुढे खरंच काही नव्हतं. मी उठले, पाणी प्यायले, झाडलेली खोली पुन्हा झाडली आणि परत येऊन तीच गोष्ट वाचली. चौथ्या गोष्टीत एका गावच्या विहिरीत भर दुपारी दिसणारं आभाळ वरच्या आभाळाशी जुळत नव्हतं. वर स्वच्छ ऊन, आणि विहिरीत काहीतरी सावकाश सरकत जाणारं. गावकरी दोन दिवस घाबरतात आणि तिसऱ्या दिवसापासून पाणी भरायला लागतात, कारण दुसरी विहीर नसते. मला त्यांच्या पाणी भरण्याचीच जास्त भीती वाटली. सातवी गोष्ट अगदीच भिकार होती. तिच्यात हिरव्या शेपट्यांचे प्राणी ओरडत येतात आणि एक मेजर त्यांना बंदुकीने मारतो. त्या गोष्टीचा मला त्या महिन्यात केवढा आधार वाटला, ते सांगून पटायचं नाही.

नववी गोष्ट ग्रहणाची होती. एक मास्तर आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन माळावर जातो. हिशेबाप्रमाणे अंधार दोन मिनिटं पडायचा असतो. दोन मिनिटं होतात, तीन होतात, पाच होतात, उजेड काही येत नाही. मास्तर घड्याळ कानाला लावून बघतो, ते चालू असतं. मग त्याला कळतं, की चंद्र केव्हाच पुढे गेला आहे, आणि सूर्यासमोर आता जे उभं आहे ते दुसरंच काहीतरी आहे. अकराव्या मिनिटाला ते निघून जातं. कोणी मरत नाही, कुठे आग लागत नाही. मास्तर मुलांना घरी सोडतो, जेवतो, झोपतो. ते आपल्यावर रागावलेलं नव्हतं, आपल्यासाठी थांबलेलंही नव्हतं. खाली कोणी आहे याचा त्याला पत्ताच नव्हता, आणि हेच मास्तरला जन्मभर सहन होत नाही.

वाचनालयाच्या पुस्तकात आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने शेरे मारलेले असतातच. या पुस्तकात तर समासच उरला नव्हता. 'भंकस', 'लेखक वेडा आहे', 'इथवर आलात, आता मागे फिरा'. नवव्या गोष्टीच्या शेवटी सुंदर वळणदार अक्षरात कोणातरी बाईने (ती बाईच असणार) लिहिलं होतं, 'देवाचे नाव घ्यावे, मन शांत होते.' मी ते वाचलं आणि मला रडूच यायला लागलं. कारण आमच्याकडे नाव घ्यायला कोणी देवच नव्हता.

हे समजण्यासाठी माझे वडील सांगायला हवेत. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. ते वीज केंद्रात, कोळशाच्या वॅगनी रिकाम्या होतात त्या विभागात होते. मूळ गाव सिन्नरकडचं, घर गावकुसाबाहेरचं. छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावाकडे येऊन त्यांनी पहिलं काम केलं ते घरातले टाक आणि शेंदूर लावलेले दगड गोणीत भरून नदीत सोडायचं. आमच्या क्वार्टरमध्ये देव्हारा नव्हता, अंगारा नव्हता, दाराला लिंबू-मिरची नव्हती. दृष्ट काढायची नाही, उपास करायचा नाही, मांजर आडवं गेलं तर त्याला दूध पाजायचं. सकाळ-संध्याकाळ वंदना, ती म्हणायची, पण तिच्यात मागायचं काही नाही. "मागायचं कोनाकडं? वर कोन बसलंय?" असं ते विचारायचे आणि हसायचे. वर कोणी नाही हे अप्पा इतक्या आनंदाने सांगायचे, की लहानपणी मला ती चांगली बातमीच वाटायची. तीच बातमी त्या खाकी पुस्तकात आली, आणि माझी पाचावर धारण बसली.

मी पुस्तक परत केलं नाही. तीन वेळा मुदत वाढवून आणली. दर वेळी गृहस्थ तपकिरीची डबी बंद करून विचारायचे, "झोप लागते का?" आणि मी म्हणायचे, "चांगली लागते." एका गोष्टीवर मन ठरत नव्हतं. भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं की त्यात ग्रहांची चित्रं. चार ओळी वाचायच्या आणि उठायचं, दाराशी जायचं, परत यायचं, पाय हलवत बसायचं. आई म्हणायची, "बूड टेकव की एका जागी. अंगात मुंग्या शिरल्यात का?" फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत मी छत्री घेऊन बसस्टॉपवर जायला लागले. कोणी विचारलं तर ऊन लागतं म्हणून सांगायचे. खरं म्हणजे मला डोक्यावर ते मोकळं निळं नको होतं. वीज केंद्राच्या चिमण्या धूर सोडायच्या आणि सगळी वसाहत वाळत घातलेल्या कपड्यांवरच्या राखेच्या नावाने बोटं मोडायची, मला मात्र तेवढा भाग झाकलेला बघून बरं वाटायचं.

अशात पेपरात ग्रहणाची बातमी आली. ऐंशी सालातलं ते सूर्यग्रहण त्या वेळच्या लोकांना आठवत असेल. दक्षिणेकडे कुठेकुठे खग्रास, आमच्याकडे खंडग्रास, पण मोठं. शनिवारी भर दुपारी. त्या आधीच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात लोकांनी आभाळातून अमेरिकेची प्रयोगशाळा डोक्यावर पडणार म्हणून धसका घेतलेला होता, तो पुरता उतरलाही नव्हता. आता या ग्रहणाने आंधळं होतं, अन्न विषारी होतं, गाई वेड्या होतात, असं काहीबाही सुरू झालं. त्या दुपारी कोणीही घराबाहेर पडायचं नाही, असं वसाहतीतल्या नळावर एकमताने ठरलं.

आमच्या घरी उलटं होतं. अप्पांचा एक रिवाज होता. ग्रहण असलं की घरासमोरच्या अंगणात सतरंजी टाकायची आणि सगळ्यांनी बाहेर उघड्यावर बसून जेवायचं. ते ठरलेलंच. साधं वरणभात नव्हे. मटणाचा रस्सा, भाकरी, कांदा, पोटभर. मी चार वर्षांची असल्यापासून ही जेवणं जेवत आले होते. समोरची दारं-खिडक्या बंद, फटीतून डोळे, आणि आम्ही भुरके मारतोय. कोणी पोट दुखून मेलं नाही. तरी दर वेळी लोक वाट बघायचे.

या वेळी अप्पांनी आणखी एक ठरवलं. "आवंदा माझी पोरगी समजावून सांगनार," असं ते आपल्या पाळीवर सगळ्यांना सांगून आले. दोन मित्र जेवायला बसायला कबूल झाले होते. मी चेंडू आणि दिवा घेऊन सूर्य, चंद्र, पृथ्वी दाखवायची, छाया आणि उपछाया काय ते सांगायचं. आमच्या क्वार्टरांच्या ओळीतली सायन्सला गेलेली मी पहिली मुलगी. अप्पांनी बुधवारी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा काही फुलला होता, की मी मान हलवली. गुरुवारी सकाळी मी सांगितलं, "मी बाहेर बसणार नाही."

त्यांना वाटलं, मी लाजते. मग वाटलं, तब्येत बरी नाही. "सायन्स शिकती," एवढंच म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून पाळीवर गेले. त्यांना काय सांगणार होते मी? ग्रहण कसं लागतं ते मला त्यांच्याहून चांगलं माहीत होतं. मला राहू-केतूची भीती नव्हती. मला अकराव्या मिनिटाची भीती होती. पण बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही भीती सारख्याच दिसतात. मी घरात बसले असते, तर सगळी वसाहत म्हणाली असती, बघा, दुनियेला शहाणपण शिकवणाऱ्याची पोरगीच ग्रहण पाळते. इतक्या वर्षांची अप्पांची जेवणं माझ्यामुळे हसण्यावारी गेली असती. हे कळत होतं आणि तरी बाहेर बसायला माझं मन तयार होत नव्हतं.

त्यात आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं. माझं आणि आईचं अंगणात चाललेलं बोलणं समोरच्या काकूंनी ऐकलं. काकू स्वभावाने वाईट नव्हत्या, पण त्यांचं डोकं एका ठराविक रुळावरून चालायचं. जी पोरगी दर ग्रहणात बाहेर बसून मटण खाते, ती याच ग्रहणात घरात राहायचं म्हणते, म्हणजे कारण एकच. ग्रहणात घराबाहेर पडायचं नाही, सुरी-विळी हातात धरायची नाही, हे कोणाला सांगतात? पोटुशीला. शुक्रवारी नळावर काकूंची नजर माझ्या चेहऱ्यावर कमी आणि पोटावर जास्त होती. दुपारी त्या आईकडे वाटीभर साखर मागायला आल्या आणि हळूच काय ते बोलून गेल्या. त्या गेल्यावर आईने दार लावलं. तिचा रंग उडालेला होता.

"तुझी पाळी कधी आली होती?" तिने विचारलं.

मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा मी जी भडकले, की शेजारच्या शेजारच्या घरी ऐकू गेलं असेल. आई हलली नाही. "आधी सांग," म्हणाली. मग मी दप्तरातून ते खाकी पुस्तक काढलं आणि तिच्या पुढ्यात टाकलं. म्हटलं, "याच्यामुळे." आईला वाचता येत होतं, पण सावकाश. म्हणून मीच तिला नववी गोष्ट सांगितली, मास्तर, माळ, घड्याळ, सगळं. सांगता सांगता मला हुंदका फुटला. आईने पूर्ण ऐकून घेतलं आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला. "अगं बया," म्हणाली, "कागदाला भ्यालीस होय! माझा जीव गेला असता की." हसून झाल्यावर तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. अप्पांना सांगू नकोस म्हणून मी विनवलं. अप्पांनी मला पोथ्यापुराणं न मानणारी म्हणून वाढवलं होतं, आणि मी गोष्टीच्या पुस्तकाला घाबरले होते. हे त्यांना कळण्यापेक्षा काकूंचं म्हणणं खरं मानलेलं बरं, इतपत माझी मजल गेली होती.

शनिवारी वसाहत दुपारी दोनलाच चिडीचूप झाली. बस नाही, सायकल नाही, कुत्रीसुद्धा कुठेतरी गेली होती. अप्पा पहिली पाळी संपवून आले, आंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि स्वतः सतरंजी झटकून अंगणात टाकली. सतरंजीवर त्यांनी पाच ताटं मांडली. दोन मित्रांची, आम्हा तिघांची. मला एकदाही बोलावलं नाही. मी आतल्या खोलीत घड्याळासमोर बसले होते. सर्वात मोठं ग्रहण पावणेचारच्या आसपास, हे पेपरातून उतरवून घेतलेलं. सव्वातीन वाजेपर्यंत मित्रांपैकी एकही आला नाही. त्यांच्या बायकांनी सोडलं नसणार. आई मला एकटीला सोडून बाहेर जाईना, त्यामुळे बाहेर पाच ताटं आणि एकटे अप्पा. मी खिडकीच्या फटीतून बघितलं. ते जेवत नव्हते. आईच्या कधीकाळी मोडलेल्या हाताचा एक्स-रे डोळ्यांसमोर धरून वर बघत होते आणि मधूनच समोरच्या बंद दारांकडे बघत होते.

उजेड बदलायला लागला. ढग आल्यावर होतो तसा नव्हे. ऊन होतं, पण त्यातलं काहीतरी काढून घेतलं होतं. शेवग्याखाली पानांच्या फटींतून पडणारे कवडसे सगळे चंद्रकोरीच्या आकाराचे झाले होते. कावळे झाडावर येऊन बसले. मी उठत होते, बसत होते, घड्याळ कानाला लावत होते, ते चालू होतं. मला वाटलं, आता बाहेर कोणी नुसतं खोकलं तरी मी किंचाळेन.

तेवढ्यात लांबून आवाज आला.

"दे दान, सुटे गिऱ्हाण! दे दान, सुटे गिऱ्हाण!"

बाईचा आवाज होता, फाटलेला. एक म्हातारी आमच्या ओळीतून चालत येत होती. खांद्याला झोळी, हातात काठी. बंद दारांसमोर थांबायची, ओरडायची. एखादं दार वीतभर उघडायचं, हात बाहेर यायचा, तिच्या झोळीत वरून काहीतरी पडायचं, जुनेर नाहीतर धान्य, आणि दार लागायचं. अप्पांनी एक्स-रे खाली ठेवला. त्यांची मान ताठ झाली.

"ही कोण?" मी आईला विचारलं.

आई माझ्यामागे उभी होती. "आपल्यातलीच असंल," म्हणाली. आणि मग ती जे बोलली ते तिने आधी कधीच सांगितलं नव्हतं. "तुझा बाप असाच ओरडत फिरायचा. सात-आठ वर्षांचा व्हता. गिऱ्हाण लागलं की आपल्या लोकांनी गावभर फिरायचं. गाव म्हनायचं, सूर्याला धरनारे ते तुमच्याच जातीचे. तुमाला दिलं की ते सोडत्यात. दानाबरोबर घरातली इडापिडा पन तुमच्या झोळीत. समदं गाव आत बसलेलं, आन् ह्ये लेकरू उपाशीपोटी उन्हात. वरून टाकायचे. हाताला हात लागू द्यायचे नाय."

तीन आठवडे मी ज्याला भीत होते, ते सूर्यासमोर येऊन उभं राहणारं, गावाच्या लेखी ते आम्हीच होतो. माझा बाप होता तो. आणि मी समजत होते, की अप्पा दर ग्रहणाला विज्ञानाचा प्रयोग करतात.

बाहेर म्हातारी आमच्या अंगणापाशी पोचली होती. अप्पा उठून उभे राहिले. "मावशी, दान नाय हितं," ते म्हणाले. "जेवायला बस. ताट हाय."

ती दचकली. उघड्यावर मांडलेली ताटं, रस्सा, भाकरी बघून दोन पावलं मागे सरकली. "गिऱ्हाणात कसं जेवू, भाऊ?" म्हणाली. "इख पोटात जाईल. झोळीत टाका, सुटल्यावर खाईन."

"काय व्हत नाय. मी खातो की."

"तुमी खाताय कुठं? ताट तर तसंच हाय."

म्हातारीने पाचही ताटांकडे बघितलं. "घरची मानसं कुठं हाईत तुमची?" तिने विचारलं. "ती का आत हाईत?"

अप्पांनी दाराकडे बघितलं. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर मी कदाचित बसून राहिले असते, माझा स्वभावच तसा. ते नुसतं बघत होते.

मी दार उघडलं. भीती गेली होती असं कोणी समजू नये. उंबऱ्यावरून अंगणापर्यंतची दहा पावलं मी जन्मात विसरणार नाही. डोक्यावर काय आहे ते बघायची माझी हिंमत नव्हती. माझी सावली जमिनीवर चाकूने कापल्यासारखी धारदार पडली होती. वर काहीतरी थांबलेलं असेल, नसेल. असलं तर त्याला आमचं काही घेणंदेणं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला ते बरं वाटलं. ज्याला आम्ही दिसतच नव्हतो, ते आमच्या झोळीत काय टाकणार?

मी अप्पांच्या शेजारच्या ताटावर बसले, भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली आणि खाल्ली. पहिला घास गिळताना त्रास झाला. दुसऱ्याला कमी झाला. अप्पा खाली बसले आणि त्यांनीही घास घेतला. आमच्या मागे आई आली, बसली, जेवायला लागली. समोरच्या काकूंची खिडकी चांगली हातभर उघडली. म्हातारी काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मी मरते की काय ते बघत असावी. मी मेले नाही. चार-पाच घास झाले तसं तिने झोळी काढली, सतरंजीच्या कडेला ठेवली, आणि ताटापासून जरा लांब, मातीत बसली.

"वर बस, मावशी," अप्पा म्हणाले.

ती सतरंजीवर सरकली. आधी कोपरा चाचपला, मग बसली. भाकरीचा तुकडा तिने बराच वेळ हातात धरला. वर बघितलं नाही, कोणाकडेच बघितलं नाही, आणि एकदम तोंडात घातला. मग ती जेवायला लागली ती खऱ्या भुकेने, मान खाली घालून, कोपरापर्यंत ओघळ येऊ देत. उजेड कधी परत यायला लागला ते मी घड्याळात बघितलं नाही.

ताट अर्धं झाल्यावर म्हातारीने मान वर केली. मघाशी गल्लीभर ओरडत आलेला तो आवाज आता साधा झाला होता, पाहुण्या बाईचा असतो तसा.

"रस्सा बरा झालाय," ती म्हणाली. "वाढा की अजून थोडा."

आई उठायच्या आत अप्पा उठले. घरात कोणाला वाढायला ते कधी उठलेले मी बघितले नव्हते. जड पातेलं त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, आणि मी धरायला गेले तर त्यांनी मला धरू दिलं नाही.